दुसरी पृथ्वी शोधणारीची आई

दिग्रसला आमच्या शेजारच्या मावशी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापूस निवडायच्या. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं, जिनिंग वरचेवर बंद पडायचं. पण मावशींची मान ताठच. त्यांची मुलगी बंगलोरला दूरच्या ताऱ्यांभोवती माणूस जगू शकेल असे ग्रह शोधत होती. कुणी विचारलं, की मावशी पेटत्या बल्बापुढून सरकीचा एक दाणा फिरवत आणि म्हणत, "उजेड कमी झाला का? ताऱ्यापुढून ग्रह गेला का एवढासाच कमी होते. माही पोरगी थेच पाह्यते."

एकदा मुलगी सुट्टीत घरी आली असताना तिला पाहायला पाहुणे आले. मीही तिथेच होते. मुलाचे वडील म्हणाले, "लग्नानंतर हे आकाश पाहणं बंद करा लागन."

मावशींनी त्यांच्यापुढची पोह्यांची प्लेट उचलली. "माही पोरगी दुसरी पृथ्वी शोधून राह्यली. तुमच्या घरी सैपाक कोन करन, थे तुमी शोधा."

पाहुणे गेले. माझा ऊर अभिमानानं भरून आला. मावशी मात्र लेकीजवळ बसून हळूच म्हणाल्या, "सापडन ना वं?"

"माहीत नाही, आई. मले नाही सापडली, तर माह्यामागून कोनाले तरी सापडन."

"मंग शोध," मावशी म्हणाल्या, "मी आहो ना."