तळ्यावर नेलेली बैलजोडी

ऐनाच्या झाडाच्या सालीत रंगवलेली तांबडी दोरी कुठे दिसली की ती केस जशीच्या तशी माझ्यासमोर उभी राहते. खून नाही, दरोडा नाही. मेली ती मुकी जनावरं. पण माझ्या सबंध नोकरीत मन इतकं कडू करणारी केस दुसरी आली नाही. नावं मी कोणाचीच सांगणार नाही. त्यांची नातवंडं अजून त्याच गावात नांदताहेत, आणि त्यांनी काही कोणाचं वाईट केलेलं नाही.

काळ साठीच्या दशकातला. पालघर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. तारापूरकडे विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनापासून किनाऱ्यापर्यंत खडी, सिमेंट आणि माणसं यांची नुसती रीघ लागलेली. एवढ्या माणसांना सकाळी चहा लागतो आणि चहाला दूध लागतं. ज्याच्या गोठ्यात म्हशी, त्याची चांदी होती.

आणि म्हशी येत मुंबईच्या तबेल्यांतून. तिथे म्हैस आटली की ती मालकाच्या गळ्यात धोंड होते. गवत विकतचं, पेंड विकतची, जागा टीचभर. म्हणून दलाल अशा भाकड म्हशी आमच्या भागात चरायला पाठवत आणि व्यायला झाल्या की परत नेत. काही जण त्या इथेच स्वस्तात विकूनही टाकत. वर्षानुवर्षं हे चाललेलं होतं. त्या साली मात्र तबेल्यांत बुळकांडी शिरली. हा गुरांचा रोग ज्यांनी पाहिला नाही ते सुखी. डोळ्यांतून, नाकातून पू गळतो, तोंड आतून सोलवटतं, पाण्यासारखी घाण वास मारणारी हगवण लागते आणि धिप्पाड जनावर आठवडाही काढत नाही. सरकारने जनावरांची ने-आण बंद केली. रस्त्यांवर नाके बसले, स्टेशनांवर माझे शिपाई उभे राहिले.

भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली होती आणि गावची सगळी गुरं एकत्र चरत होती. अशात एका सकाळी किनाऱ्यावरच्या दांडी गावाच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातून जमाव ठाण्यावर आला. मध्ये एका माणसाला दोराने बांधून आणलेलं. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. पुढे होता गावातला मोठा दूधवाला. अर्ध्या गावाचं दूध तोच घेई आणि कामगारांच्या छावणीला घाली.

"साहेब, ह्याने तळ्यात सोमल कालवला," दूधवाला म्हणाला. "गावची गुरं पटापट मरतायत. माज्या गोठ्यात रडायला सुदा म्हस उरायची नाय."

"कशावरून ह्यानेच?"

"ह्याचे बैल तेवढे जिवंत हायत ना! अख्ख्या गावात मरण आणि ह्याचे बैल ठणठणीत. आणि ह्याच्या आढ्यात ही पुडी गावली."

पुडीत पांढरी भुकटी होती. मी आधी दोर सोडवला आणि मारणाऱ्यांची नावं लिहून घेतली. तेव्हा मागची माणसं हळूहळू फाटकाबाहेर सरकू लागली. जमाव कितीही मोठा असो, नाव विचारलं की त्याची हवा जाते, हा माझा नेहमीचा अनुभव.

तो माणूस गावाबाहेरच्या वस्तीतला. मेलेली ढोरं ओढून नेण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्या वस्तीच्या गळ्यात घातलेलं. धर्म बदलल्यावर वस्तीने एकमुखाने ठरवलं होतं की यापुढे ढोर ओढायचं नाही. ह्याने तर पोटाला चिमटा काढून बैलजोडी उभी केली होती आणि कारखान्याच्या कामावर खडीची गाडी हाकत होता. गावाला ते खुपत होतं. आता ढोरं मेली तर ओढायला कोणी नाही. मग गावकरीच ती गाडीमागे बांधून तळ्याच्या बांधावरून फरफटत नेत आणि खाडीत लोटून देत. 'सूड म्हणून विष घातलं' हे म्हणायला एवढं पुरेसं होतं.

कलम चारशे एकोणतीस, जनावर मारल्याचा गुन्हा, नोंदवला. त्याला कोठडीत ठेवलं. बाहेर ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत त्याचा मुडदा पडला असता.

चौकशीला बसवला तेव्हा तो मार विसरून पहिलं काय बोलला असेल? "साहेब, माज्या बैलांकडे कुनीतरी बगा. ते गेले तर मला परत ढोरं वडायला लागतील."

"ते बघू. तळ्यात काय टाकलंस ते सांग."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तल्यावर मी जाईन कसा साहेब? आमच्यातलं कुनी बांदावर चढलं तरी दगड मारतात. आमची गुरं पन तिथं पानी पीत नाय. आमी वस्तीमागं खड्डा खनलाय. मानसं तेच पितात, बैल तेच पितात."

"आणि ही पुडी?"

"तुरटी हाय. खड्ड्याचं पानी गढूल असतं. ती फिरवल्याबिगर पोरांना देता येत नाय."

त्याची बायको भाकरी घेऊन आली होती. तिला मी पुडीतली चिमूट दिली आणि काही सांगितलं नाही. तिने ती सरळ ठाण्याच्या पाण्याच्या बादलीत टाकली, हाताने ढवळली आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "झालं. आता प्या." माझा हवालदार ते पाणी प्यालासुद्धा. तरी कायद्याला तेवढ्याने भागत नाही, म्हणून पुडी सील करून तपासणीला मुंबईला पाठवली. बुळकांडीची शंका मलाही आली होती, पण नाक्यांवरून एकही म्हैस आत आली नव्हती. मेलेली ढोरं खाडीत गेलेली, त्यामुळे त्यांच्या पोटात विष होतं की रोग हे सांगायला काहीच हाती नव्हतं. ढोरांचा डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला लस टोचत हिंडत होता. त्याला निरोप धाडला.

मधल्या काळात गावकऱ्यांनी आपली अक्कल चालवली. ह्याची बायको ओरडत असताना त्यांनी गोठ्यातून बैल सोडले, तळ्यावर नेले आणि पाणी पाजलं. म्हणे, ह्याचं विष ह्याच्याच बैलांना चढू दे. बैल तहानेले होते, पोटभर प्याले. दुसऱ्या दिवशीही ते रवंथ करत उभे. हवालदार गावात जाऊन बघून आला आणि हसत म्हणाला, "साहेब, पाण्यात विष नाही हे गावानेच सिद्ध केलं की!"

मलाही ते पटलं. कोठडीपाशी जाऊन मी त्याला बातमी दिली. सुजलेल्या तोंडाने तो पहिल्यांदा हसला.

"माजे बैल तल्याचं पानी प्याले?" त्याने पुन्हा विचारलं. "गावकऱ्यांनी सोता पाजलं? आमच्या आज्याच्या बैलाला पन ते मिळालं नवतं, साहेब."

मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

गुन्ह्याला वाचा फुटली ती एका मासेवाल्या बाईमुळे. दांडीची ती बाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन ठाण्याच्या पायरीवर उभी राहिली आणि तिथूनच सुरू झाली.

"फौजदार कोन हाय? तुमी? मंग सांगा, म्हशींना दर्यावर कोनी सोडल्यान? पंधरा दिस झाले, माजी बोंबलाची वलांडी आडवी केली मेल्यांनी! बांबू मोडले, बोंबील रेतीत तुडवले. हाकनाऱ्याला शिव्या दिल्या तर दात काढतो माज्यावर!"

किनाऱ्यावर बांबू पुरून दोऱ्या ताणतात आणि त्यावर बोंबील वाळत घालतात, ती वलांडी. हवालदार तिला 'नंतर ये' म्हणणार होता. मी त्याला गप्प केलं. नाके सगळे रस्त्यावर होते. समुद्राकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

"बाय, बस. म्हशी कुठून आल्या?"

"केलव्याकडून, रेती-रेतीने. भरती आली का खुराची खूण रायते काय? खाडीत म्हशी पवल्या, मानसं होडीत. एकीच्या शिंगात माजी दोरी गुतली ती तशीच घेऊन गेली. ऐनाच्या सालीत उकळलेली माजी दोरी, साहेब! माज्या नवऱ्याच्या हातची. तो आता नाय."

मी जीप काढली आणि तिला घेऊन थेट दूधवाल्याच्या गोठ्यावर गेलो. गोठा काय, दवाखाना होता तो. घाणीचा भपकारा असा की हवालदाराने नाकाला रुमाल लावला. म्हशी माना टाकून पडलेल्या, माश्यांनी डोळे काळे झालेले. एक पारडू मेलेल्या आईला लुचत होतं. दूधवाला लगबगीने पुढे आला, खुर्ची आणायला सांगू लागला. मी विचारलं, "नव्या म्हशी कोणत्या?"

"नवी एक पन नाय साहेब. सगल्या जुन्या, बंदीच्या आदीच्या."

बाई मात्र आमच्याकडे बघतच नव्हती. ती त्या पारड्यापाशी गेली. त्याच्या गळ्यात तांबड्या दोरीचं दावं होतं. शेतकरी दाव्याला सुंभ वापरतो. सालीत उकळलेली तांबडी दोरी फक्त मच्छीमाराची असते, खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून. फुकट हाताला लागलेली दोरी टाकून द्यायला ह्या गृहस्थाचा जीव झाला नव्हता.

"ही बगा माजी गाठ," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. मग रडायलाच लागली.

दूधवाल्याची बोबडी वळली. मी त्याला ठाण्यावर नेलं नाही. त्याच गोठ्यात, त्याच वासात उभा केला आणि विचारत राहिलो. मारहाणीने माणूस काहीही कबूल करतो. स्वतःच्या करणीसमोर उभा केला की खरं बोलतो.

"काय करनार साहेब?" शेवटी तो फुटला. "छावनीचं दूद वाडवलं नाय तर काम दुसऱ्याला देत होते. दलाल म्हनाला, दुबत्या म्हशी दर पाडून देतो, पन आत्ताच्या आत्ता उचल. मला काय माहीत त्या रोगट हायत!"

"आजारी पडल्यावर तर कळलं ना?"

"डॉक्टरने बगितलं असतं तर गोठा बंद केला असता. माजं दूद कोन घेनार मंग?"

म्हणून त्याने विषाची हाकाटी उठवली. त्याच्या म्हशी तळ्यावर जात होत्या, गावच्या गुरांत चरत होत्या. नव्या म्हशी आल्याचं गावाला पक्कं ठाऊक होतं. पण ज्याच्या घरी आपलं दूध जातं त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार कोण? वस्तीतल्या माणसाला झोडपणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. गोठा बघून बुळकांडीच म्हणाले. तळ्याचं पाणी, तो बांध, चराई, सगळीकडे रोग पसरला होता. मी विचारलं, "मग ह्या एकाचे बैल कसे वाचले?"

"पाणी वेगळं, चराई वेगळी, म्हणून," डॉक्टर म्हणाले. "गावच्या गुरांत मिसळले असते तर तेही गेले असते."

त्या दूर लोटण्यानेच त्याचे बैल राखले होते आणि बैलांचं ते वाचणंच गावाने त्याच्याविरुद्ध पुरावा धरलं होतं. आणि मग पुरावा तपासायला त्याच्या बैलांना तळ्यावर नेलं होतं.

मॅजिस्ट्रेटपुढे अहवाल ठेवून मी त्याला सोडवला आणि जीपमधून वस्तीवर पोचवला. दूधवाल्यावर खोट्या फिर्यादीचा आणि बंदी मोडल्याचा गुन्हा लागला, मारणाऱ्यांवर मारहाणीचा. पण जीप थांबली तेव्हा बायको दारात नव्हती. ती गोठ्यात एका बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या डोळ्यांतून पू गळत होता. दुसरा उभा होता, पण मान टाकून. तो माणूस आत गेला आणि बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला. कोठडीत हसलेला त्याचा चेहरा मला दिसत होता. माझी मान वर होईना.

दोन्ही बैल गेले तेव्हा मी पंचनाम्यासाठी गावात होतो. गावातली पाच-सहा वडीलधारी मंडळी वस्तीपाशी आली. मला वाटलं, माफी मागायला आली असतील. त्यातला एक घसा खाकरून म्हणाला, "झालं गेलं विसर. आता तूबी मोकला हायस, बैल नाय, गाडी नाय. गावात ढोरं कुजतायत. तेवडी वडून टाक. तुजं काय ते देऊ."

माझं डोकं फिरलं. मी ओरडणार एवढ्यात बैलांचा धनी पुढे झाला. त्याने गाडीचा दोर घेतला, आपल्या बैलाच्या पायांना बांधला. एका बाजूला तो, एका बाजूला बायको. हवालदाराने टोपी काढून ठेवली आणि दोराला हात लावला. मीही लावला. पिण्याच्या पाण्याच्या खड्ड्यापासून बऱ्याच लांब त्याने बैलांसाठी आधीच खोल खड्डा खणला होता. एक बैल नेला, मग दुसरा.

पोलिसाच्या नोकरीने मला शिकवलं होतं की पुरावा खोटं बोलत नाही. ह्या केसने शिकवलं की पुरावा बोलतच नाही. बोलतो तो त्याच्याकडे बघणारा. गाव ज्याला आधीच दोषी ठरवून बसलेलं असतं, त्याचं जिवंत जनावरसुद्धा त्याच्याविरुद्ध साक्ष देतं. पुढे कुठलीही फिर्याद आली की मी आधी बघत असे, ह्या आरोपीला गावात कुठे कुठे जायला बंदी आहे.

माती लोटून झाल्यावर ती मंडळी अजून तिथेच उभी होती. मघाचाच तो म्हातारा पुन्हा म्हणाला, "ही वडलीस ना? मंग आमची पन वड की."

बैलांच्या धन्याने दोर नीट गुंडाळला, खांद्यावर टाकला.

"ही माजी होती," तो म्हणाला आणि घरात गेला.