दीड इंचावरचं मस्कत

पृथ्वी लहान आहे हे पटवून द्यायला देवाने एकच माणूस जन्माला घातला होता, आणि तो वाकोल्याला आमच्या शेजारी पॅंटी शिवायचा. आमच्या या टेलरकाकांनी जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, पण कुठल्याही दोन शहरांमधलं हवाई अंतर ते उभ्या उभ्या सांगत. मशीनशेजारी शाळेतला जुना पृथ्वीगोल होता. एका शहरावर अंगठा, दुसऱ्यावर टेपचं टोक. एक इंच म्हणजे हजार किलोमीटर, वर थोडे. अंगठा बहुतेक वेळा मुंबईवरच पडे, त्यामुळे गोलावरची मुंबई केव्हाच पुसली गेली होती. गिऱ्हाईक बिचारं पोट आत ओढून उभं, आणि काका नैरोबीला पोचलेले! मी एकदा फुल शर्ट टाकला, तर बाह्या नऊ इंचांच्या. "लंडन-टोकियो नऊ इंच," काका ओशाळून म्हणाले, "तांच डोक्यात रवला रे."

या वेडाचं मूळ त्यांचा एकुलता एक मुलगा. तो मस्कतला वायरमन होता. पोर लांब गेलं म्हणून काकू डोळ्यांना पदर लावत, तेव्हा काका गोल त्यांच्या पुढ्यात आणून ठेवत. "दीड इंच! इतकी तर मी पॅंटीच्या शिवणीक माया सोडतंय. आपल्या मालवणाक एसटीन अख्खी रात जाता, मस्कताक अडीच तास. मगे लांब कोण?" मस्कत कलकत्त्याहूनही जवळ आहे, हे आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. काकू हसत नसत, पण रडायच्या थांबत.

त्या काकू एका गुरुवारी सकाळी गेल्या. मालवणला तार केली आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून मी मस्कतला ट्रंक कॉल लावला. पलीकडे मुलगा नुसता रडत होता. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, मालक बाहेरगावी, उद्या शुक्रवारची सुट्टी. मी हे सगळं काकांना सांगितलं, पण ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. "बर्फ हाडा," म्हणाले, "पोरगो येतलो. अडीच तास फक्त." लाद्या आल्या. आमच्याकडे विमानं इतकी खालून जातात की मांडणीवरची भांडी वाजतात. दर विमानाला काका उठून दारात जात आणि थोड्या वेळाने परत येऊन काकूंजवळ बसत. शुक्रवारी सकाळी दारात उभा राहिला तो काकूंचा भाऊ, मालवणहून, रात्रीच्या एसटीने आलेला. त्याला बघून काकांचा चेहरा पडला. दुपारी चाळीतले म्हातारे म्हणाले, "बस झालं आता, बाईचे हाल नको करू रे." बर्फाचं पाणी उंबऱ्याबाहेर आलं होतं. अग्नी काकांनीच दिला.

मुलगा महिन्याने आला आणि आईच्या फोटोसमोर बसून राहिला. गोल वरच्या फळीवर कापडाच्या ठाणांमागे गेला. तेव्हापासून काकांचं एकही माप चुकलं नाही, बाह्या मनगटापर्यंत बरोबर येऊ लागल्या, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

वर्षभराने मला नोकरी लागली. दोन पॅंटी शिवायला टाकल्या, तेव्हा कंबर मोजता मोजता काकांनी विचारलं, "खंय चललंस?"

"कलकत्त्याला, काका."

मी आकड्याची वाट बघत उभा राहिलो. खरं तर मला तो ऐकायचाच होता. काकांनी टेप गळ्यात टाकली, कापडावर खडूने माप लिहिलं.

"तुझी आवस हंयच रवतली?"

"हो, आई इथंच."

"थंय रजा मागल्याबरोबर गावता मां रे?"