यशोधराताईंनी न केलेला भाव
आमच्या बदलापूरच्या शेजारीण यशोधराताई उल्हासनगरला पडद्याचं कापड घ्यायला गेल्या, की दुकानदार आधी स्वतःसाठी पाणी मागवतो. पण म्हातारपणासाठी दरमहा म्युच्युअल फंडात पैसे टाकताना त्यांनी कधी घासाघीस केली नाही. एजंट दिवाळीला काजूकतली आणायचा ना!

परवा लेक मैत्रेयी म्हणाली, "आई, तुझा फंड दरवर्षी शेकडा दोन रुपये कापतो. इंडेक्स फंड वीस पैसे."

"एवढा स्वस्त? माल खोटा असेल."

"अगं, तो बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर सरसकट घेतो. निवडत बसणाऱ्या साहेबाचा पगार वाचतो."

"म्हणजे दहा वर्षं मी भाव न करता घेतलं?" ताईंनी चष्मा लावून हिशेब मागितला.

पुढचे हप्ते त्यांनी एजंटला वगळून थेट इंडेक्स फंडात वळवले. वीसचे पंधरा पैसे होतील का, तेही विचारून झालं.

यंदा काजूकतली आली नाही. त्यातला अर्धा डबा माझा असायचा हो!