पोपटी पानांचा कॅमेरा

तो कॅमेरा नुसता दिसला तरी मी अजून तोंड फिरवते. दिसायला गोड आहे, त्याचाच जास्त राग येतो. प्लॅस्टिकचा, हलका. आत रोल टाकायचा, बटण दाबायचं, अंगठ्याने चाक फिरवायचं, संपलं. भिंग मात्र असं रुंद की जवळ उभं राहूनही अख्खी खोली मावावी. बाहेरून कुणा चित्रकाराने रंगवलेली पोपटी पानं आणि त्यांतून डोकावणारे जांभळे डोळे. आमच्या मरोळच्या ऑफिसात तो आला तेव्हा सगळ्यांनी आधी त्या कॅमेऱ्याचेच फोटो काढले, फोनवर.

कॅमेरा आमच्या मुख्य डिझायनरचा. आम्ही खाऊची पाकिटं तयार करतो, त्यांवरचा मराठी मजकूर मी लिहिते. देवरुखजवळच्या शाळेत शिकलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला हे काम या बाईनेच दिलं आणि शिकवलंही. ते मी विसरलेले नाही, म्हणून हे लिहिणं जड जातं.

आई तेव्हा जोगेश्वरीला माझ्या खोलीवर राहायला आली होती. गावी परतायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाय, तुझी हापिसातली खुर्ची दाखव. मी बाजूला उभी ऱ्हाते, एक फोटो काढू. बाबांना दाखवायचाय." बाबांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. बसल्या जागी लिहिण्याचा कुणी पगार देतं, हे त्यांना पटलेलंच नव्हतं.

आई ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून आली. मी फोन काढला तशी डिझायनर म्हणाली, "ठेव गं तो. आईचा फोटो फोनवर काढतेस? फिल्मवर बघ काय झकास येईल."

मी खुर्चीत बसले. आईने पदर सारखा केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि श्वास रोखून उभी राहिली.

"आंटी, पोझ नको. कॅमेऱ्याकडे बघूच नका."

"मग बघू कुठं?"

"कुठेही."

डिझायनर आधी बांगड्यांपाशी गेली, मग कपाळापाशी, मग चक्क आईच्या मागे फरशीवर गुडघे टेकून बसली. चाक करकरत राहिलं. आई हसू तसंच धरून उभी होती. "झाला काय गो?" तिने मला हळूच विचारलं. तेवढ्यात रोल संपला.

रोल धुऊन फोटो आले तेव्हा आई कधीच गावी पोचली होती. सगळे स्क्रीनभोवती जमले. बांगड्या. नखांतल्या काळ्या रेघा. आणि टाचा. समोर भाकरीएवढ्या, भेगांसकट, आणि त्यांच्यावर निमुळती होत गेलेली, डोकं कापलेली माझी आई.

"काय टेक्स्चर आहे यार," एकजण म्हणाला. "नाचणी चिप्सच्या पाकिटावर टाकू. एकदम गावठी फील."

त्यांचे हसरे चेहरे बघून मला शिसारी आली. "आमचा दोघींचा कुठला?" मी डिझायनरला विचारलं.

"तो नाही काढला गं. खुर्ची, कॉम्प्युटर, मागे एसी. बोअर होतं."

"आईला चेहरा हवा होता."

"अगं, तिच्या टाचांतच चेहरा आहे."

"त्या टाचा पाकिटावर गेल्या तर मजकूर दुसऱ्या कुणाकडून लिहून घे," मी म्हटलं.

"किती सेन्सिटिव्ह आहेस गं तू," ती म्हणाली आणि मायेने माझ्या पाठीवर थोपटलं. तो हात मला अंगावर नको झाला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "बाबा इचारतायत, फोटो कधी येतोय?"

"तो काढलाच नाही तिने."

"मग खाली बसून एवढा वेळ काय काढीत होती?"

मी सांगितलं.

"श्शी," आई म्हणाली. "टाचा कोण काढतं गो? शिकलेली ना ती?"

मागून बाबांनी काहीतरी विचारलं. आईने फोन तोंडापासून लांब धरला, तरी मला ऐकू आलं. "रोल खराब झाला म्हणतायत. बिचारीनं लय मेहनत घेतली होती."