पहिली पाळी

दादा गेल्याची बातमी मला मांद्र्याला, माझ्या सासरी, रघुवीरने आणून दिली. रघुवीर म्हणजे आमच्या काकांचा मुलगा, खाणीवर ज्याचे ट्रक चालतात तो. नव्या गाडीतून आला, माझ्या बल्कांवात, दारापुढच्या बाकावर, बसला आणि रुमाल डोळ्यांना लावून रडला. मी रडले नाही. त्याच्यासमोर रडायचं नाही, एवढं त्या क्षणीही मला कळत होतं. गावच्या ओढ्यावर, आमच्या व्हाळावर, एकटाच बांध घालताना दादा पाण्यात कोसळला होता, दुपारी कुणी गुरं घेऊन तिकडे गेलं तेव्हा सापडला. त्या बांधाचं पाणी कुणाच्या सुपारीला जायचं होतं, ते मात्र रघुवीरने सांगितलं नाही. ते मला ठाऊक होतं.

गेलेल्या माणसाविषयी लिहिताना मन निवळलेलं असावं म्हणतात. काही आठवडे उलटले, माझं निवळलेलं नाही. राग गिळून दादाविषयी गोड गोड लिहिणं मला जमायचंही नाही.

माझा दादा, वसंत, तरुणपणी वास्कोला गेला आणि बोटीवर लागला. आमच्याकडे बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात, आणि तारवटी कायमचा घरी परतला की काय व्हायचं ते ठरलेलं असतं. मोठाल्या ट्रंका, टेपरेकॉर्डर, वासाचे साबण, मग जुनं घर पाडून स्लॅबचा बंगला. दादा परतला तो गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी. डिचोलीच्या बाजारात मराठी की कोकणी यावरून मित्र मित्रांशी बोलेनासे झाले होते. तशातही तारवटी काय घेऊन येतो हे बघायला आमच्या गावात, सर्वणला, दोन्ही बाजूंचे लोक एकत्र जमले. दादा बसमधून उतरला आणि एक पिशवी खांद्याला लावून चालत घरी आला. चहाच्या दुकानात रघुवीरने सगळ्यांच्या देखत म्हटलं, "हो गेलो तारवटी जावन, आयलो भिकारी जावन." लोक पोट धरून हसले. पुढे कितीतरी वर्षं ते वाक्य गावात चाललं.

त्या पिशवीत काय नव्हतं ते सगळ्यांनी पाहिलं. दादाने काय आणलं होतं ते विचारलं फक्त मी. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून तो तुकड्या-तुकड्याने सांगायचा... वाळवंटाकाठच्या एका बंदरात पिण्याचं पाणी जहाजातून यायचं. तिथल्या एका शेटजीच्या घरी नळाला कुलूप होतं. एवढा पैसा असून पाहुण्याला पेलाभर पाणी देताना त्या माणसाचा हात आखडायचा, ते दादाच्या डोळ्यांपुढून जाईना. आणि एका बेटावर लोक पोर्तुगीज बोलत. दादा फिरंग्यांच्या वेळी शाळेत गेलेला, मोडकंतोडकं त्यालाही येई. सुट्टीच्या दिवशी तो तिथल्या डोंगरात चढून गेला, तर गावची सगळी माणसं पाण्याचा पाट साफ करत होती. त्यांत तिथला डॉक्टर होता, पाद्री होता. ज्याला पाणी हवं त्याने स्वतः चिखलात उतरायचं, हा त्यांचा नेम. दादाच्याही हातात त्यांनी कुदळ दिली. बोटीवर परतायला उशीर झाला म्हणून त्याने बोलणी खाल्ली, पण ते सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा... "आपलोच बांध थंय मेळ्ळो गे माका," तो म्हणायचा.

कारण हाच नेम आमचाही होता. पाऊस सरला की व्हाळावर दगड, फांद्या आणि माती घालून बांध उभा करायचा, अडलेलं पाणी पाटाने कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, सोडायचं. ज्यांच्या झाडांना ते पाणी लागतं त्या प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः पाण्यात उतरायचं, गडी पाठवायचा नाही. न येणाऱ्याला पाण्याची पाळी नाही. खाणीचे ट्रक दारात आले, पंप आले आणि लोकांनी बांध सोडून दिला. दादाने परतल्यावर पहिलं काम केलं ते बांधाचं, एकट्याने. वरचं कुळागर आमचं, खालचं काकांचं. पुढे खाण खोल गेली आणि रघुवीरची विहीर आटली, पंप नुसता घुरघुरू लागला. तेव्हा दादाने न मागता पाट खालपर्यंत नेला. रघुवीरची सुपारी हिरवी राहिली ती भिकाऱ्याच्या पाण्यावर, आणि बांधाच्या दिवशी रघुवीर पडवीत पेपर वाचत बसला. दर वर्षी. हे मी विसरावं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने हा लेख इथेच मिटावा.

दादाला दोन सदरे पुरत. स्वतःचं भात, स्वतःचा नारळ, डिचोलीला जायचं तर पायी. याला लोक कंजूषपणा म्हणत. मी एकदा चिडून विचारलं, जग पाहून हेच शिकलास? तो हसला. आमच्याकडे श्रीमंताला गिरेस्त म्हणतात. म्हणाला, "शालू, जाच्या दारांतलें उदक दुसऱ्याच्या झाडांक पावता, तो गिरेस्त. बाकीचे नुसते राखणदार."

बाराव्याला रघुवीरने चार माणसांसमोर भाषण केलं. वसंता हे गावचं भूषण होतं, त्याने आम्हाला निसर्ग शिकवला, वगैरे. मान हलवणाऱ्यांत चहाच्या दुकानात हसलेले सगळे होते. मी पानं वाढत होते, त्याच्या पानात मीठ वाढलं आणि पुढे गेले.

मी मांद्र्याला परत गेले नाही. बांध अर्धाच राहिला होता, पाणी वाहून जात होतं, खालच्या पोफळी पिवळ्या पडू लागल्या होत्या. रघुवीरने सावंतवाडीकडचे मजूर पाठवले. त्या बिचाऱ्यांना मी चहा-पाव दिला आणि परत धाडलं. मग तो स्वतः आला. मी म्हटलं, "मजूर नाका, रघू. तूं उदकांत उतर."

"वसंतान कदीं अशें म्हणूंक ना."

"दादा मेलो. आतां हांव आसां."

तो तणतणत गेला. मी वाट पाहिली. कुळागर माझंही वाळत होतं, पण वाळलं असतं तरी मी हटले नसते. शेवटी एका सकाळी तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून व्हाळात उतरला. जिथे दादा पडला होता तिथेच त्याला उभं राहावं लागलं, बांध तिथेच अपुरा राहिला होता. मीही पदर खोचून उतरले, दगड देत गेले. तो धापा टाकत होता, थांब असं मी एकदाही म्हटलं नाही. त्याचे हात सोलले तेव्हा मला बरं वाटलं. दादाला वाटलं नसतं, मला वाटलं.

दुपार टळली तेव्हा पाणी चढलं आणि पाटाच्या तोंडाशी आलं. "आतां सोड मगे खाला," रघुवीर म्हणाला. एकट्याने बांध घालूनही दादा पहिली पाळी नेहमी खालच्या कुळागराला द्यायचा, रात्री स्वतःच्या झाडांना काय उरेल ते. मी मातीचं ढेकूळ उचललं आणि खालच्या पाटाचं तोंड बुजवलं. "पयली पाळी दादाची," मी म्हटलं.

पाणी दादाच्या पोफळींकडे वळलं, एकेका आळ्यात भरत सावकाश पुढे जाऊ लागलं. रघुवीर चिखलाने माखलेला काठावर उभा राहिला. त्याची पाळी यायला संध्याकाळ होणार होती. मी पाटाच्या कडेला बसले. मला काही घाई नव्हती.