आमच्या लॅबमधली बर्फवाली

तुमच्या सख्ख्या आईने ऑपरेशनच्या दिवशी, स्ट्रेचरवर पडल्या पडल्या, तुमच्या देखत तुम्हाला सोडून दुसऱ्याच पोरीवर भरवसा टाकला, तर तुम्ही काय कराल? शांत राहाल? तर तुम्ही थोर आहात. मी नाही. माझा जळफळाट झाला, आणि तो अजून पुरता विझलेला नाही. त्या पोरीचं नाव रेहाना. सगळं हॉस्पिटल तिला बर्फवाली म्हणायचं.

अलिबागजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आम्ही दोघी एकदमच टेक्निशियन म्हणून लागलो. आमचं टेबल फ्रोजनचं. म्हणजे असं, की वर ऑपरेशन चालू असतं, पेशंट भूल देऊन झोपवलेला असतो, आणि सर्जन शरीरातला एक छोटा तुकडा काढून खाली आमच्याकडे पाठवतात. तो आम्ही क्रायोस्टॅट नावाच्या गारठलेल्या यंत्रात दगडासारखा गोठवायचा, आतल्या पात्याने केसाहूनही पातळ काप काढायचा, काचेवर घेऊन रंगवायचा. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि वर फोन करतात. पुढे काय कापायचं आणि काय ठेवायचं, ते त्या फोनवर ठरतं. तोवर वर सगळे थांबलेले.

यात सगळी मेख गोठवण्यात आहे. तुकडा झटक्यात गोठला पाहिजे. रेंगाळत गोठला तर आतल्या पाण्याचे मोठाले स्फटिक होतात, ते पेशी फाडतात, आणि काचेवर दिसते ती नुसती जाळी. रेहानाच्या वडलांचा रेवसकडे होड्यांना बर्फ पुरवायचा धंदा, भाऊ मासळी गोठवण्याच्या कारखान्यात. ही बर्फाच्या चुऱ्यात खेळून मोठी झालेली. "मोठा बर्फ वंगाळ, बारीक बर्फ चांगला," असं ती छाती काढून सांगायची, जणू हा शोध तिच्या घराण्यानेच लावला होता. नम्रता तिच्या गावी नव्हती. चांगला काप निघाला की ती काच उजेडात धरून सगळ्या लॅबला दाखवत फिरायची, नवरीचा फोटो दाखवावा तशी.

आणि तिचा एक प्रश्न ठरलेला. कुणीही तुकडा हातात घेतला की मागून आवाज यायचा, "पुसलंस का गो?" तुकड्यावरचं पाणी टिपून घेतल्याशिवाय तो यंत्रात जाऊ द्यायची नाही. मॅडमनासुद्धा तिने एकदा हेच विचारलं. मॅडम हसल्या. मी विचारलं असतं तर?

माझं घर चळवळीचं. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं होती. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आई मोर्च्याचे फलक रंगवायची, तिच्या मांडीशी बसून मी काना-मात्रा गिरवल्या. सर्वांना सारखं शिक्षण मिळालं की सर्वांचे हात सारखे चालतात, हे माझं तत्त्व आहे. कुणाच्या बोटांत जन्मजात जादू असते, हे मला मान्य नाही. पण रेहानाचे काप सपाट यायचे आणि माझे कडेला गुंडाळायचे. तत्त्वाला डोळे असते, तर त्याने ते मिटून घेतले असते.

तेव्हा वरच्या थिएटरमधून तुकडे सलाईनमध्ये बुडवून यायचे. सुकू नयेत म्हणून, चांगल्या हेतूने. पण पाणी पिऊन फुगलेला तुकडा गोठवला की जाळी ठरलेली. मला हे सहन झालं नाही. मी लाल शाईत पत्रक लिहिलं, "तुकडे बुडवणाऱ्यांनो, जागे व्हा!" खाली मुद्देसूद मजकूर, शेवटी तीन मागण्या. थिएटरच्या दारावर डकवलं. दुसऱ्या दिवशी ते दारावरून निघून टेबलावर आलं होतं, आणि सर्जननी त्यावर चहाचा ग्लास ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

रेहाना म्हणाली, "कॉम्रेड, तुझं वाचून भूक लागत न्हाय गो त्यांना."

चार दिवसांनी तिने दुपारच्या जेवणाला डबा आणला. तळलेली सुरमई, दोन ताटल्यांत. थिएटरचा सगळा ताफा जमला. पहिल्या ताटलीतला तुकडा घट्ट, पापुद्रे सुटणारा. दुसऱ्या ताटलीतला सर्जननी तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा केला.

"शिळी आहे का ग ही?"

"न्हाय डॉक्टर, एकाच सुरमईच्या हायत दोन्ही. ती पहिली भावाने कारखान्यात झटक्यात गोठवली. ही मी वाटीभर पाण्यात घालून घरच्या फ्रीजमध्ये रेंगाळत गोठवलेली."

"मग?"

"मग काय? ही तुमच्या थिएटरातून आलेली सुरमई. आम्ही रोज हीच खातो."

सिस्टर हसता हसता ठसकल्या. सर्जन लाल झाले, मग तेही हसले, आणि पहिल्या ताटलीकडे हात वळवला. त्या दिवसानंतर तुकडे ओलसर गॉजमध्ये गुंडाळून यायला लागले. मी इतकी वर्षं शब्दांवर विश्वास ठेवला, आणि हिने एका माशात क्रांती केली. त्या दुपारी मी सुरमई खाल्ली नाही. तत्त्व म्हणून.

मग आईला गाठ निघाली. उजव्या स्तनात. सुईच्या तपासणीत कॅन्सर ठरला. गाठ काढायची हे नक्की होतं, प्रश्न काखेचा होता. काखेतली पहिली ग्रंथी ऑपरेशन चालू असतानाच तपासायची. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या ग्रंथींना हात लावायचा नाही. कॅन्सर तिथवर पोचला असेल तर त्या काढायच्या, आणि मग हात जन्मभर सुजण्याची भीती. उजवा हात. फलक रंगवणारा.

रेहानाचे किस्से आईने माझ्याच तोंडून ऐकलेले. थिएटरच्या दाराशी तिने सर्जनना विचारलं, "खाली ती बर्फवाली आहे ना आज?"

मी तिचा दुसरा हात धरून उभी होते.

"आई, मी आहे ना खाली."

"तू आहेसच ग," आई म्हणाली. "पण ती आहे ना?"

मी धावत लॅबमध्ये गेले आणि मॅडमना म्हटलं, आजचा तुकडा मी करणार. मॅडमनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. नातेवाइकाच्या नमुन्याला कर्मचाऱ्याने हात लावायचा नाही, असा नियम तिथे लावलेला होता. लाल शाईत. तो मीच भांडून मंजूर करून घेतला होता. मी मुकाट्याने काचेच्या दाराबाहेर गेले.

ग्रंथी आली. रेहानाने ती उजेडाखाली घेतली. काखेतली ग्रंथी चरबीत लपेटलेली असते, आणि चरबी नीट गोठत नाही, काप फाडते. ती चिमट्याने चरबी सोलत होती, वालाच्या बिरड्याची सालं काढावीत तशी, ग्रंथीला ओरखडाही न लावता. माझ्याने राहवलं नाही. मी काचेवर थाप मारून ओरडले, "पुसलंस का गो?"

तिने वर पाहिलं नाही. डाव्या हाताने टिपलेला गॉज उंच धरून मला दाखवला, आणि उजव्याने तुकडा थंडगार चकतीवरच्या जेलीत बसवून वरून गोठलेला धातूचा ठोकळा दाबला. मग यंत्राचं चाक फिरलं.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. फोन उचलला. "ग्रंथी स्वच्छ आहे. काख सोडा."

मी रडले, हे खरं. पण नंतर, सगळे जेवायला गेल्यावर, मी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. एखादं तरी भोक सापडावं म्हणून. आईचा हात वाचला होता, आणि मी भोक शोधत होते. एकही नव्हतं.

पुढच्या वर्षी रेहानाचं लग्न झालं, नवरा मस्कतला. तिकडच्या एका लॅबने तिला लगेच घेतलं. ती निघाली त्या दिवशी आम्ही रेवसच्या धक्क्यावर गेलो. आईने त्याच उजव्या हाताने कापडी फलक रंगवला होता, "बर्फवाली झिंदाबाद!" असं वळणदार अक्षर तिने माझ्यासाठी कधी काढलेलं मला आठवत नाही. फलकाचं एक टोक आईने धरलं, दुसरं धरायला कुणी नव्हतं. मी धरलं. भाऊच्या धक्क्याची लाँच सुटली तशी ती कठड्यावरून ओरडली, "कॉम्रेड, पुसत जा गो!" आजूबाजूच्या लोकांना वाटलं, डोळे पुसायला सांगतेय.

आता फ्रोजनचं टेबल माझं आहे. माझे काप सपाट येतात. नव्या मुलींच्या मागे उभी राहून मी विचारते, पुसलंस का, आणि आवाज माझा नसतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या माणसाला ऑपरेशनला नेतील आणि फ्रोजन करणार आहोत म्हणतील, तेव्हा माझ्या आईसारखं मोठ्याने विचारा, खाली तुकडा गोठवणारं कोण आहे? नाव घेतल्याशिवाय हलू नका. सर्जनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, हेही ठाऊक असू द्या. आमच्याकडे आलात तर तुम्हाला माझं नाव सांगतील. ते ऐकून, जमलं तर, "बरं झालं" एवढं म्हणा. मी काचेपलीकडे ऐकत असेन.