सातवं मत

मुरबाडला एस.टी. स्टँडासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुसऱ्या टेबलावर कुंडलिक बसतो. लोकांचे फॉर्म भरतो, आणि मधल्या वेळात त्याचं ते कॉम्प्युटरचं काम. वय त्रेचाळीस, लग्न नाय, घरी आता कोणीच नाय. शहापूर रस्त्याला आत त्याचं गाव, तिथं रेंज मिळाली तर नशीब. म्हणून सकाळच्या पहिल्या जीपनं येतो नि संध्याकाळच्या जीपनं जातो. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी.

त्याची आई ठमाबाई. चौथी शिकलेली, पण वाचायची हौस अशी, की भजी बांधून आणलेला कागदसुद्धा वाचून मगच टाकायची. काचबिंदूनं तिचे डोळे गेले. मग या पठ्ठ्यानं तीन वर्षं खपून एक प्रोग्राम केला. मोबाइल कागदावर धरायचा, तो मराठीत वाचून दाखवतो. नाव ठेवलं 'ठमा'. म्हातारीनं दोन वर्षं पोटभर ऐकलं नि मग गेली.

प्रोग्राम त्यानं विकला नाय. ओपन सोर्स म्हणतात तसा ठेवला, म्हणजे आतलं सगळं उघडं, कोणीही घ्या, कोणीही सुधारा. आणि घेतला की लोकांनी! पुणे, नागपूर, बंगळूर, कुठकुठले जण जुळले. कुंडलिकनं एकाचंही तोंड समोर पाहिलेलं नाय. पण दुपारी डबा खाताना माझ्याकडे त्यांच्याच गोष्टी. "आमचा प्रणय असं म्हणाला, आमचा प्रणय तसं म्हणाला." जसा काय सख्खा मावसभाऊच!

पुढं यालाच शहाणपण सुचलं. एकाच्या हातात सगळं नको, उद्या आपण नसलो तर काम बसेल. म्हणून त्यानंच स्वतःला धरून सात जणांची समिती केली, नियम लिहिले, आणि पुण्याच्या त्या प्रणयला अध्यक्ष केलं. मी म्हटलं, "अरे, घर तू बांधलंस नि किल्ली दुसऱ्याला?" तर नुसता हसला.

सहा महिन्यांत समितीपुढं ठराव आला. नाव बदलायचं! 'ठमा' विनोदी वाटतं म्हणे, शाळावाले ऐकून हसतात म्हणे. 'वाचनमित्र' ठेवू. सात दिवसांत ज्यानं त्यानं मत द्यायचं. सगळी चर्चा कॉम्प्युटरवर लिहून चाललेली. कोणी लिहिलं गावठी आहे, कोणी लिहिलं म्हणून तर गोड आहे. कुंडलिक एकेक ओळ वाचायचा. स्वतः एक अक्षर लिहिलं नाय.

तुम्हाला वाटेल, घाबरला. छे! आमच्या गावाकडची रीतच तशी. बैठकीत ज्याच्या घरचा विषय निघतो तो मान खाली घालून बसतो. आपल्या घरच्यासाठी आपणच तोंड उघडायचं म्हणजे हावरटपणा. त्याच्या वतीनं बाकीचे बोलतात, आणि शेवटी एखादं जुनं माणूस विचारतं, "तुझं काय रे म्हणणं?" मग तो बोलतो, आणि बहुतेक तेच ठरतं. कुंडलिक त्या विचारण्याची वाट बघत बसला होता. कॉम्प्युटरच्या बैठकीत, सांगा आता!

आठव्या दिवशी निकाल लागला. तीन मतं बदलाच्या बाजूनं, तीन विरुद्ध, सातवं मत पडलंच नाय. बरोबरी झाली तर अध्यक्ष म्हणेल ते, हा नियम यानंच लिहिलेला. प्रणयनं नाव बदललं नि खाली टाकलं, 'कुंडलिकजींनी मत दिलं नाही, म्हणजे त्यांची हरकत नसावी.'

माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक उभं होतं तरी ओरडले, "अरे मेल्या, एक बटण दाबायचं होतं! तुझंच मत राहिलं!"

"आपल्याच आईसाठी आपणच हात वर करायचा?" तो म्हणाला. "बरं दिसतं का ते?"

"ती आई आहे हे तरी सांगितलंस त्यांना?"

"ते सांगितलं असतं तर त्यांना नाय म्हणता आलं नसतं, ताई."

वर आणखी दुसऱ्या दिवशी प्रणयचा निरोप. जुना भाग तुम्हीच लिहिलाय, नाव कुठं कुठं आहे ते तुम्हालाच माहीत, तेवढं बदलून द्याल का? पोरगा वाईट नाय हो, त्याला कुठं काय ठाऊक! कुंडलिक दोन दिवस बसून आईचं नाव शोधत होता नि पुसत होता. मी म्हटलं, "एका कोपऱ्यात राहू दे, कोण बघतंय?"

"ठरलंय ना," म्हणाला.

काम संपल्यावर त्यानं एक फॉर्म मोबाइलखाली धरून बघितला. आवाज तोच, फक्त सुरुवातीला म्हणाला, 'मी वाचनमित्र.' मला राहवेना. म्हटलं, "ते लांबचे लोक रे, तोंडओळखसुद्धा नाय. त्यांनी तुला विचारावं ही आशाच कशाला धरलीस?"

"त्यांचं नाय म्हणत मी," कुंडलिक म्हणाला. "तुमी इथंच होता."

खरंच होते. पहिल्याच दिवशी त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवून सांगितलं होतं, "ताई, नाव बदलायचं म्हणतात." आणि मी म्हटलं होतं, "बरं, आधी ते दाखल्याचे फॉर्म उरक."